पडद्याआडची परवानगी

भातसा नदीच्या काठी धुणं घेऊन जाणाऱ्या बायका आमच्या शहापूर तालुक्यात मी लहानपणापासून पाहत आले. धुणं झालं की तिथेच अंघोळ, आणि मग उघड्या काठावर ओलं लुगडं सोडता सोडता कोरडं नेसणं. अंगाचा वीतभर भागही दिसत नाही. आजूबाजूला माणसं असतात, रस्ता असतो, तरी त्या घाबरलेल्या नसतात; एकमेकींशी बोलत सगळं चाललेलं असतं. हीच बाई दवाखान्यातल्या टेबलाशी उभी राहिली की तिचे हात थिजतात. नदीवर काय सोडायचं, किती आणि केव्हा, हे सगळं तिच्या हातात असतं. तपासणीच्या खोलीत ते दुसऱ्याच्या हाती जातं. म्हणून ही भीती नुसत्या लाजेपोटी येते, असं मला वाटत नाही. आपल्या अंगावरचा आपला शब्द जाईल, ही खरी धास्ती.

माझ्या काकूंच्या छातीला गाठ लागली, तेव्हा त्यांनी ती बरेच दिवस घरात कळू दिली नाही. शेवटी आसनगावहून गाडी धरून आम्ही दोघी मोठ्या दवाखान्यात गेलो. पडदा ओढला गेला, "ब्लाउज काढा" असं कोणीतरी म्हणालं आणि काकू पदराची पिन मुठीत धरून तशाच उभ्या राहिल्या. तपासणाऱ्या डॉक्टरबाई वयानं तरुण होत्या. त्यांनी स्टूल ओढलं, काकूंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, मी काय करणार ते आधी सांगते. तुम्ही हो म्हणालात तरच हात लावीन. मध्येच थांब म्हणालात तर थांबेन." मग एकच बाजू उघडी करायला सांगितली, दुसरीवर पदर राहू दिला. हात थंड असतील म्हणून आधी चोळून घेतले. काकूंनी पिन माझ्या हातात दिली. गाठ साधी निघाली.

तपासणीची ही भीती आमच्या ठाणे जिल्ह्यात आजची नाही. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुरुष डॉक्टरपुढे बायका दुखणं उघड करत नाहीत, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. अमेरिकेला निघण्याआधी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे हे ठासून मांडलं. १८८६ मध्ये त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली; त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा इस्पितळ सुरू झालं. शंभर वर्षांनी गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला तो अभ्यास सांगतो, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. एवढी दुखणी वर्षानुवर्षं लुगड्याआड राहिली. अंतर, पैसा, घरच्यांची बेपर्वाई ही कारणं आहेतच. पण त्या टेबलाची भीती मला त्यांच्याइतकीच मोठी वाटते.

ती भीती ओलांडता आली तर काय साधतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखांहून अधिक बायकांवर वीस वर्षं एक अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्तनांची हातानं तपासणी होई, आणि ती करत त्याच कामाचं शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही. यंत्र नाही, सुई नाही. समजावून सांगणारी एक बाई आणि तिचा शिकलेला हात.

आणि मग जुलै २०२५. शहापुरातल्याच एका खाजगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले आणि पाळी कोणाला आली आहे हे शोधण्यासाठी पाचवी ते दहावीच्या मुलींना कपडे काढायला लावून तपासल्याची तक्रार झाली. पालक संतापले, पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. त्या बातमीने माझी झोप उडाली. तपासणारी बाई होती, म्हणजे प्रश्न मिटला असं नाही, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. कोणी त्या मुलींना विचारलं होतं का? उद्या यांतल्याच एखादीला खरंच डॉक्टरपुढे जावं लागेल, तेव्हा तिला तो दिवस आठवेल आणि ती दुखणं लपवेल. हे नुकसान कोर्टाच्या निकालाने भरून निघणारं नाही.

"यात लाजायचं काय?" असं म्हणून भीती जात नाही, उलट माणूस आणखी आक्रसतो. आईला, सासूला, मुलीला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा आधीच सांगा: काय तपासणार, किती वेळ, किती कपडे काढावे लागतील. पुरुष डॉक्टर तपासणार असेल तर सोबत एक बाई हजर असणं हा रुग्ण स्त्रीचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. खोलीत पडदा नसेल, अंगावर घ्यायला चादर नसेल, तर मागून घ्या.