पुढचं चिन्ह

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या पहिल्या कायद्याचा पहिला शब्द 'शुम्मा', म्हणजे 'जर'. दुसरा 'अवीलुम', माणूस. माझ्या विद्यार्थिनीने पहिला झटकन वाचला आणि दुसऱ्यापाशी ती अडली. मीही अजून तिथेच रेंगाळतो.

अडवणारं चिन्ह मधलं. हम्मुराबीच्या काळचे लेखनिक ते 'वा'साठी वापरत, 'वी'साठी आणि 'वू'साठीही. शिवाय 'पी' आहेच. 'अ'नंतर हे चिन्ह आलं आणि पुढे 'लुम' असेल, तर 'अवीलुम'. 'तुम' असेल, तर 'अवातुम', म्हणजे शब्द, बोलणं. नजर पुढच्या चिन्हावर जाऊन परत येईपर्यंत मधल्याला आवाजच नसतो. त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, म्हणजे ते पुढचं चिन्ह याच शब्दाचं की नव्या, हेही त्याच क्षणी ठरवायचं. मोडी वाचणाऱ्यांना ही धडपड ओळखीची वाटेल.

"काका, मग मी चिन्हांचा सगळा तक्ता पाठ केला तो कशाला?" तिने विचारलं. मला नीट उत्तर देता आलं नाही.

हल्ली पुष्कळ जण अक्कडी, म्हणजे या कायद्यांची भाषा, रोमन लिप्यंतरावरूनच शिकतात. मला ते मुळीच पटत नाही. लिप्यंतरात 'वी' आधीच ठरलेला असतो. तो ठरवताना कुणीतरी घेतलेले कष्ट पानावर उरत नाहीत. असेच कष्ट घेऊन, ही चिन्हं सुट्या वर्णांची नसून पूर्ण अक्षरांची आहेत, हे एडवर्ड हिंक्स या आयरिश पाद्र्याने ओळखलं, पण नाव गाजलं ते मुंबईच्या लष्करातून पुढे आलेल्या हेन्री रॉलिन्सनचं. 1857 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने या दोघांची आणि आणखी दोघांची एकाच असीरियन लेखाची स्वतंत्र भाषांतरं ताडून पाहिली. ती बरीचशी जुळली. मला विचाराल तर त्या चौघांत हिंक्सच थोर.

मूळ चिन्हंच वाचण्याच्या माझ्या आग्रहात मिरवण्याची हौसही आहे. लूव्रमधल्या, हे कायदे कोरलेल्या काळ्या शिळेसमोर मी हलक्या आवाजात ओळी वाचल्या, तेव्हा निम्मं लक्ष शेजारचे ऐकताहेत का याकडे होतं.

तिसऱ्या कायद्यात सुरुवातीला 'अवीलुम' आहे आणि थोड्याच अंतरावर 'अवात इक्बू', 'तो जे बोलला ते'. तिथे 'तुम' नाही, नुसता 'अत'. मी मुद्दाम गप्प राहिलो. माझ्या विद्यार्थिनीचं बोट पुढे गेलं, मागे आलं, आणि तिने 'अवात' वाचलं. मला फार आनंद झाला. हेवाही वाटला, कारण मला ते इतक्या लवकर जमलं नव्हतं.