सरत्या पावसाचा निरोप

पाऊस येतो तेव्हा गाजावाजा करीत येतो. वळवाचा गडगडाट, मृगाचे किडे, पेरणीची धांदल अशा कितीतरी खुणा त्याच्या आधी येऊन पोचतात. जाताना मात्र तो सांगून जात नाही. भाद्रपद सरू लागतो, दुपारी एखादी सर पडते, संध्याकाळी आभाळ निवळते. आज पडलेली सर यंदाची शेवटची होती काय, हे कोणालाच सांगता येत नाही. हवामान खात्यालाही ते मागाहून कळते. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम राजस्थानातून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर मानतात. परंतु ते परतले असे जाहीर करण्यापूर्वी तेथे सलग पाच दिवस पाऊस थांबलेला असावा लागतो, हवेतील आर्द्रता घटलेली असावी लागते. निघणारा निघून गेल्यावरच त्याच्या निरोपाची नोंद होते.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आहे. तेथे हे दिवस मोठे देखणे असतात. उतारांवर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग पसरतो. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावर याच दिवसांत माणसांची रीघ लागते. तीच फुले आमच्या बांधावर कोणी पाहत नसतानाही फुलतात. खाचरांत भात निसवू लागते. ओढ्याचे गढूळ पाणी निवळून तळातले गोटे दिसू लागतात. अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने पाणी निर्मळ होते, असे जुन्या लोकांनी मानले आहे.

याच पंधरवड्यात पितरांचे दिवस येतात. आमच्याकडे त्याला म्हाळ म्हणतात. परसातली गवार, भेंडी, भोपळा, अळू त्या दिवशी पानात असतात. धान्य भरण्याचे आणि गेलेल्यांना आठवण्याचे दिवस असे हातात हात घालून येतात. लहानपणी मला त्याचे नवल वाटे. आता ते अगदी साहजिक वाटते.

म्हाळ आटोपला की आई घटस्थापनेची तयारी सुरू करी. चार महिने दमटलेल्या वाकळा डोक्यावरून ओढ्याला न्यायच्या, दगडावर आपटून धुवायच्या आणि कातळावर वाळत घालायच्या. संध्याकाळी त्या घरी येत, तेव्हा त्यांना उन्हाचा वास येई. आईच्या जन्माची नोंद कोठेच नव्हती. वय विचारले की ती पावसाळ्यांत सांगे आणि दरवेळी एखाददुसरा पावसाळा इकडे-तिकडे होई. एका वर्षी तिने अशाच वाकळा धुतल्या, हस्ताचा पाऊस येण्याआधी त्या वाळाव्यात म्हणून घाई केली, घट बसवले. पुढच्या चैत्रात ती गेली. तो तिचा अखेरचा शरद होता, हे त्या दिवशी कातळावर बसलेल्या आम्हां कोणाच्या मनातही आले नाही. ऊन नेहमीसारखे होते, ओढा नेहमीसारखा वाहत होता.

पुढे पदवीचा अभ्यास करताना शब्दकोश चाळण्याचा नाद लागला आणि आईचे ते पावसाळे मला पुन्हा भेटले. ‘वर्ष’ या शब्दाचा मूळ अर्थ पाऊस. ‘अब्द’ म्हणजे ढग आणि वर्षही. अमरकोशात वर्षाच्या पर्यायी शब्दांत ‘शरद्’ येतो, आणि वेदांतील प्रार्थनेत माणूस शंभर वर्षे मागतो तीही शरदांच्या हिशोबाने. निरक्षर आई आणि ते प्राचीन ऋषी आयुष्य एकाच मापाने मोजत होते.

पण पावसाळा असताना शरद कशासाठी मोजायचा? मला वाटते, पावसाळा हा सोसण्याचा काळ आहे. घरे गळतात, कणगीतले धान्य तळाला जाते, वाटा बंद होतात. त्यातून जो तरला, त्याला शरद दिसतो. तोही निर्धास्त नसतो. आभाळ मोकळे होऊन ऊन थेट ओल्या जमिनीवर पडते, उकाडा वाढतो. आयुर्वेदाने हा पित्तप्रकोपाचा काळ मानला आहे. म्हणून शरद पाहणे म्हणजे आणखी एक वर्ष हाती लागणे.

सरत्या पावसाची हुरहुर मला दरवर्षी लागते. पूर्वी ती केवळ ओल्या हिरवाईसाठी असे. आता भाताच्या लोंब्या वाकू लागल्या की मी त्यांच्याकडे थोडा अधिक वेळ पाहतो, घरातल्या माणसांना हाक मारून बाहेर बोलावतो. कोणती सर शेवटची, हे ठरवणे आपल्या हाती नाही. ती पडत असताना दाराशी उभे राहणे मात्र आहे.