चारच कादंबऱ्या

वर्षातून चारच कादंबऱ्या वाचावयाच्या, असा नियम गेल्या वर्षापासून मी स्वतःला घालून घेतला आहे. हे ऐकून सुरतेतील माझे एक स्नेही म्हणाले, "फादर, तुम्ही तर उपवासच धरलात!" उपवास तो नव्हेच. जेवण तेच आहे. फक्त घास सावकाश चावून खावयाचा, एवढेच.

पूर्वी महिन्याकाठी चार-पाच कादंबऱ्या सहज हातावेगळ्या होत. गाडीने वसई सोडली की एक उघडावी. नवसारी येईपर्यंत खुनी सापडलेला असे. त्या वाचनात वाईट असे काही नव्हते, प्रवास सुखाचा होई. परंतु आठ दिवसांनी त्या खुन्याचे नाव कोणी विचारले असते, तर मला सांगता आले नसते.

मी राहतो ते शहर कापडासाठी आणि हिऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. गुजराती कादंबरीचाही उगम येथलाच, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. 'करण घेलो' ही गुजरातीतील पहिली कादंबरी सुरतेच्या नंदशंकर मेहता या शिक्षकाने लिहिली व ती १८६६ साली प्रसिद्ध झाली. (बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' त्याआधी नऊ वर्षे, १८५७ साली आली होती, तेव्हा या बाबतीत मराठीचा मान वडीलकीचा.) नंदशंकरांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली. पुढे गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या 'सरस्वतीचंद्र'चे चार भाग १८८७ ते १९०१ या काळात निघाले. पहिला भाग वाचणाऱ्याला कथेचा शेवट कळण्यास चौदा वर्षे थांबावे लागले! ज्या पुस्तकापाठी लेखकाचे एवढे आयुष्य खर्ची पडले, ते आपण दोन बैठकींत उरकावे, हे मला आता बरे वाटत नाही.

भारदस्त म्हणजे जाडजूड, असा मात्र समज नको. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) किती लहानखुरी! पण माणदेशातील धनगरांच्या वस्तीत आलेला तो कोवळा मास्तर आणि दुष्काळाने ओस पडत जाणारी ती वाडी मनातून हलत नाही. उलट पाचशे पानांची काही पुस्तके अशी असतात की, त्यांतील पन्नास पाने गळली तरी वाचकाला पत्ता लागू नये.

गेल्या वर्षीच्या चारांपैकी एकीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आलेस्सांद्रो मान्झोनी या इटालियन लेखकाचीही एकच कादंबरी. १८२७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या नावाचा अर्थ 'वाग्दत्त वधूवर' असा आहे. मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली आणि तिला पुरते तीन महिने लागले. तीत दोन अबोंदिओ नावाचे खेड्यातील धर्मगुरू आहेत. एका दांडग्या सरदाराचे गुंड त्यांना वाटेत गाठून धमकी देतात आणि ते बिचारे एका गरीब जोडप्याचे लग्न लावण्याचे टाळतात. सारांशात हा मनुष्य दोन शब्दांत संपतो: भित्रा पाद्री. पण शेकडो पाने त्यांच्या सोबतीने चालल्यावर त्यांचा राग येता येता हसू येते, हसता हसता कीव येते आणि एखाद्या रात्री पुस्तक मिटून आपण विचारात पडतो की, त्या वाटेवर मी असतो तर? हा प्रश्न पडावयास ती शेकडो पाने लागतातच.

याच कादंबरीत १६३० सालच्या मिलान शहरातील प्लेगचे वर्णन आहे. लोक भिंतींना विष फासतात अशी अफवा उठते आणि माणूस माणसाला भिऊ लागतो. सुरतेत राहून ते वाचताना सप्टेंबर १९९४ आठवणारच. त्या वेळी प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून गेले होते.

लिंबायत भागात माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. मूळचे खानदेशातील, हयात यंत्रमागावर गेलेली. प्लेगचा विषय निघाला की ते दोन वाक्ये बोलून गप्प होत, आणि मीही पुढे जात असे. ती प्रकरणे वाचून झाल्यावर एके दिवशी मी बसून राहिलो आणि विचारले, "मग काय झाले, काका?" ते तासभर बोलले. तोंडाला रुमाल बांधून उधन्याला भुसावळकडे जाणारी गाडी धरली होती. निघताना शेजारच्या खोलीत एकटा राहणारा सोबती तापाने फणफणला होता. त्याचे दार यांनी बाहेरून ओढून घेतले आणि मुलाबाळांना घेऊन निघाले. महिन्याने परतले तेव्हा तो जिवंत होता. ताप साधाच होता. त्यानंतर वीस वर्षे दोघे एकाच चाळीत राहिले. त्या दाराविषयी दोघांपैकी कोणी कधी बोलले नाही. हे मी काकांच्या संमतीने लिहीत आहे.

पूर्वीच्या वेगाने वाचीत असतो तर मी त्या दिवशी तासभर बसलो असतो की नाही, कोण जाणे!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनावर एक पत्र लिहिले. दुसऱ्याचा आवाज ऐकावयास साहित्य शिकविते, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. तरुणपणी सांता फे येथील शाळेत ते साहित्य शिकवीत असत. मुलांना नेमलेले जुने काव्य नको होते. तेव्हा ते त्यांनी घरी वाचावे असे ठरवून वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. कर्तव्य म्हणून वाचणे त्यांना पसंत नव्हते. म्हणून माझ्या नियमालाही एक पळवाट आहे: साठ पानांपर्यंत पुस्तकाने धरून ठेवले नाही, तर ते बिनदिक्कत परत करावयाचे. यंदा दोन परत गेली. त्यांची नावे सांगत नाही. आपल्यापैकी कोणाची ती आवडती असतील.

सध्या 'सरस्वतीचंद्र'चा पहिला भाग हाती आहे. माझे गुजराती बाजारापुरते, त्यामुळे दिवसाला पाच-सहा पानांपलीकडे मजल जात नाही. अडलेले शब्द शेजारच्या शाळकरी मुलीला विचारतो. तिलाही पुष्कळ अडतात. मग ती आजीला विचारून येते. उरलेले तीन भाग कपाटात आहेत.