मार्चचं वारं

परभणीत बॅडमिंटन खेळायचं तर आधी वाऱ्याची मर्जी सांभाळायची. कृषी विद्यापीठाच्या क्वार्टर्समागे चुन्याने आखलेलं आमचं कोर्ट होतं. दोन बांबूंना बांधलेली जाळी आणि वर टांगलेला एक बल्ब. वारा पडला की खेळ सुरू, उठला की शटलचं फूल शेजारच्या कडुनिंबात. मार्च लागला, ज्वारीची काढणी आटोपत आली, की वावटळ कोर्टाच्या रेघासुद्धा ठेवत नसे. आणि नेमकी मार्चातच तिकडे इंग्लंडात ऑल इंग्लंड स्पर्धा भरायची.

वडील पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेले. रॅकेट आणि नंदू नाटेकर, दोन्ही त्यांनी तिथूनच घरी आणले. नाटेकर सांगलीचे, आधी टेनिसवाले. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. 1954 साली ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले, 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय आपला मराठी माणूस, हे वडील दर मार्चला नव्याने सांगत. स्पर्धा 1899 पासूनची, पण खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बसवलेले. तेव्हा ऑल इंग्लंडही मूळची आपलीच, असा त्यांचा दावा. तो मला तेव्हाही जरा ताणलेला वाटे.

त्यांनी सांगितलेल्यांपैकी मनात रुतून बसली ती मात्र 1947 ची गोष्ट. महायुद्धामुळे खंडलेली स्पर्धा त्या वर्षी पुन्हा भरली. लाहोरचे प्रकाश नाथ आणि त्यांचे मित्र देविंदर मोहन दोघेही गेले होते. उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांशीच गाठ पडली, तेव्हा खेळून दमण्यापेक्षा त्यांनी नाणं उडवलं म्हणे. कौल प्रकाश नाथांना मिळाला आणि ते थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचले. सामन्याच्या सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर लाहोर पेटलेलं, त्यात त्यांचीच वस्ती. त्या दिवशी स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून ते हरले. पुढे फाळणीत सगळं मागे टाकून मुंबईला आले आणि रॅकेट कायमची ठेवून दिली, असं सांगतात. वडील इथे थांबायचे. त्या साली परभणीही निजामाकडेच होती, रझाकारांची भीती घराघरात होती, ते नुसतं म्हणत, “त्या वर्षी कोण कसं खेळलं असेल, देव जाणे.”

1980 च्या मार्चात माझी दहावी चालली होती. रेडिओवर बातमी आली: वेम्बलीत ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोणनी इंडोनेशियाच्या लीम स्वी किंगला 15-3, 15-10 असं हरवलं. किंगच्या स्मॅशची आम्हाला वाचूनच धडकी भरायची, त्याला या माणसाने हळुवार टाकलेल्या फुलांनी जेरीस आणलं होतं. पण आम्हा पोरांना त्याहून मोठी वाटली ती दुसरी बातमी. पदुकोण बंगळूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये शिकले होते. लग्न नसेल तेव्हा खेळायचं. मंगल कार्यालयं तर आमच्याकडेही होती! आम्ही मोठ्या आशेने एका मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, “लग्नसराई उरकू द्या, मग बघू.” लग्नसराई उरकली, पाऊस आला, शाळा उघडल्या. आम्ही पुन्हा चुना घेऊन मैदानात.

पुढे कळत गेलं की या खेळात हवा नुसती वाहत नाही, तापतेही. तापलेली हवा विरळ होते आणि फूल जोरात पळतं. म्हणून गरम गावी संथ फुलं लागतात, थंड हॉलमध्ये जलद. कोरड्या हवेत पिसं कडकतात, तुटतात. आई चहाचं आधण ठेवायची तेव्हा मी फुलांचा डबा वाफेवर धरायचो. सोळा पिसांचं ते फूल परवडायचं नाही हे खरंच, एरवी प्लॅस्टिकचंच.

2001 मध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात गोपीचंदने चेन हाँगला हरवलं, तोवर वडील थकले होते. त्यांनी पेपर दोनदा वाचून घेतला आणि नाटेकरांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. 2015 मध्ये साईना अंतिम सामन्यात हरली, तेव्हा ते नव्हते.

2022 च्या अंतिम सामन्यात लक्ष्य सेन व्हिक्टर अॅक्सेलसनपुढे हरला. तो सामना मी पुतणीबरोबर मोबाइलवर पाहिला. ती आता पत्र्याच्या हॉलमध्ये खेळते, बूटही खास घेतलेत. तिनेच मला समजावलं की ऑल इंग्लंडसारख्या स्पर्धेच्या मोठ्या हॉलमध्ये एसीचा झोत फूल ओढतो, एका बाजूने ते बाहेर जातं, दुसरीकडून अलीकडेच पडतं. म्हणून नाणेफेक जिंकणारा कधी सर्व्हिस सोडून बाजू मागतो आणि तिसऱ्या गेममध्ये अकरा गुणांना बाजू बदलावी लागते.

“आणि तेवढ्या झोताची हे लोक तक्रार करतात, काका,” ती म्हणाली. “यांना एकदा आपल्याकडं आणा म्हणावं, मार्चात.”