तीनशे शब्द

आमचे आण्णा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. गेल्या गळिताच्या हंगामात भवानीनगरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना यंत्रात फुंकर मारायला लावली. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम; आण्णा कितीतरी पुढे. कोर्टात 10,000 रुपये दंड झाला. आईने शेळ्या विकल्या. मला राग आण्णांचाच आला, अजूनही आहे. मागे दोन ट्रॉल्या, आणि आषाढात तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते तो हा रस्ता!

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते गेले. 17 वर्षांच्या आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. घरी मी हे सांगितले.

"तीनशे शब्द म्हंजी किती?" आण्णांनी विचारले.

मी वहीचे दीड पान दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना सही तेवढी येते.