भिंतीवरचं नाव

दोस्तांनो, सुट्टी लागली की फक्त मुलंच उंडारतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ते साफ चूक आहे. गुरुजीसुद्धा उंडारतात! आम्ही चौघं डी.एड.चे वर्गमित्र. चौघंही जालना जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या प्राथमिक शाळांवर शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीत आमचं ठरलं, की एका दिवसात अजिंठ्याची लेणी बघून यायची.

"बघितलीत की सगळ्यांनी," एक जण म्हणाला.

"कधी? सहलीत? सहलीत आपण लेणी नाही बघितली, पुढच्या पोराची पाठ बघितली," दुसरा म्हणाला. "या वेळी चांगला गाईड घेऊ आणि निवांत बघू."

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार ठरला. सगळे खूश झाले. माझ्या पोटात मात्र धस्स झालं. पाचवीत असताना शाळेच्या सहलीत मी तिथं एक उद्योग करून आलो होतो. आजपर्यंत तो कोणालाच सांगितला नव्हता.

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही भोकरदनला जमलो. आमच्यातला एक जण तिथलाच. "अजिंठ्याला जायच्या आधी आमच्या गावचं लेणं बघा," म्हणून तो आम्हाला केळणा नदीच्या काठी घेऊन गेला. नदीकाठच्या कातळात कोरलेलं हे लेणं साधारण आठव्या-नवव्या शतकातलं मानतात. अजिंठ्यासारखी गर्दी नाही, तिकीट नाही. पाण्याचा आवाज आणि आम्ही चौघं.

"या गावाचं जुनं नाव माहीत आहे का?" मित्राने विचारलं. त्याच्यातला गुरुजी सुट्टीवर गेला नव्हता! "भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठी वस्ती होती. १९७३ साली इथं उत्खनन झालं, तेव्हा तिचे पुरावे सापडले. आणि खरी गंमत सांगू? मध्य प्रदेशात सांचीचा स्तूप आहे ना, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनच्या माणसांचीही नावं आहेत."

"म्हणजे भोकरदनवाल्यांनी तिकडं जाऊन दगडावर नाव लिहिलं!" एक जण हसत म्हणाला.

"आधी दान दिलं, मग नाव लागलं," मित्र म्हणाला.

सगळे हसले. मी गाडीकडे चालू लागलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बायामाणसं ओटीत कापूस वेचत होती. सिल्लोड मागे पडलं, अजिंठा गाव आलं आणि मग घाट उतरून आम्ही फर्दापूरच्या फाट्याला पोचलो. आपली गाडी इथंच ठेवावी लागते. गाड्यांच्या धुराचा चित्रांना त्रास होतो, म्हणून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं. बसमधून उतरलो आणि पायऱ्या चढून वर आलो, तर समोर तो प्रसिद्ध डोंगर! वाघोरा नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या वळणावरच्या उभ्या कड्यात ओळीने लेणी आहेत. लहानमोठी मिळून तीस.

गाईडकाका पन्नाशी उलटलेले होते. डोक्यावर टोपी, हातात छोटी बॅटरी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, तुमच्या शेतातली काळी माती आणि हा डोंगर यांचं नातं काय?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. परीक्षा घेणाऱ्यांचीच परीक्षा!

"दोन्हींची आई एकच," काका म्हणाले. "सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले आणि निवले. तोच हा काळा पाषाण, बेसाल्ट. तो झिजून झिजून आपली काळी माती झाली. तुम्ही त्याच्यात कापूस लावला, त्या लोकांनी त्याच्यात लेणी कोरली."

पहिल्या लेण्यात शिरताना बूट बाहेर काढले. आत अंधार आणि गारवा. डोळे सरावायला दोन मिनिटं लागली. मग हळूहळू भिंतीवर माणसं दिसू लागली. राजे, राण्या, नोकर, हत्ती, हंस. हातात निळं कमळ घेतलेला पद्मपाणी तर किती तरी वेळ आमच्याकडे बघत होता. नाही, बघत नव्हता. त्याची नजर खाली झुकलेली आहे. तरी तसं वाटत होतं खरं.

काका आम्हाला गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर घेऊन गेले. बॅटरीचा उजेड त्यांनी एका बाजूने टाकला. मूर्ती गंभीर दिसली. दुसऱ्या बाजूने टाकला, तर ओठांवर हसू आल्यासारखं वाटलं. समोरून टाकला, तर ध्यानात बुडालेली. मूर्ती तीच, दगड तोच, फक्त उजेडाची जागा बदलली!

"आता भिंत कशी केली ते ऐका," काका म्हणाले. "खडबडीत दगडावर आधी मातीचा गिलावा. त्यात भाताचं तूस, गवत, झाडांचे धागे घातलेले. त्यावर आणखी बारीक गिलावा. वर चुन्याचा पातळ हात. मग रंग. लाल, पिवळा, हिरवा हे दगडामातीचे. काळा काजळीचा. निळा मात्र लांबचा. तो लाजवर्द दगड पार अफगाणिस्तानाकडून यायचा. हा सगळा संसार केवढ्या जाडीचा? बोटभर! तुमच्या घराच्या सारवलेल्या भिंतीसारखाच. नखाने खरवडलं तरी निघेल."

माझा हात आपोआप खिशात गेला.

पुढची लेणी बघत आम्ही दहाव्या लेण्यात आलो. हे इथलं सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक. दोन हजार वर्षांहून जास्त वयाचं. उंच कमानीचं छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. काकांनी एका खांबावर, आमच्या डोक्याच्याही वर, बॅटरी धरली.

"वाचा."

रंगवलेल्या खांबावर इंग्रजी अक्षरं खरवडलेली होती. पुसट, पण होती. जॉन स्मिथ, २८ वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९.

तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव आलं असेल. हा इंग्रजी फौजेतला अधिकारी. वाघाच्या शिकारीला आला होता. समोरच्या डोंगरावरून त्याला झाडीत लपलेली या लेण्याची कमान दिसली. आसपासच्या लोकांना लेणी माहीत होतीच, पण बाहेरच्या जगाला कळली ती तेव्हापासून.

"एवढ्या उंच कसा काय पोचला तो?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"बरोबर विचारलंत. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता. साहेब त्या ढिगावर उभा राहिला. ढीग काढल्यावर नाव राहिलं उंच." काकांनी बॅटरी जरा हलवली. "आणि नावाच्या खाली काय आहे बघा. चित्र आहे. बोधिसत्त्वाचं. ज्याला जगात पहिल्यांदा ही चित्रं नवलाची वाटली, त्यानेच त्यांच्यावर पहिली रेघ ओढली."

मग काकांनी आम्हाला बाहेर आणून कमानीवरचा लेख दाखवला. जुन्या ब्राह्मी लिपीतला. कटहादी नावाच्या माणसाने या लेण्याचं दर्शनी तोंड दान दिलं, एवढंच त्यात लिहिलंय. पलीकडे बाराव्या लेण्यात असाच एका व्यापाऱ्याचा लेख आहे, घनामदड त्याचं नाव.

"एकाच लेण्यावर दोन नावं," काका म्हणाले. "एक देणाऱ्याचं. दुसरं नुसतंच येऊन गेलेल्याचं. आणि ज्यांनी चित्रं काढली, त्यांचं तर नावच कोणाला माहीत नाही."

आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर टेकलो. तिथं मला राहवलं नाही.

"मीपण लिहिलंय," मी म्हणालो.

"काय?"

"नाव. इथंच. पाचवीत होतो. कंपासपेटीतलं कर्कटक खिशात होतं. एका विहाराच्या मागच्या कोपऱ्यात अंधार होता, बाई पुढे गेल्या होत्या. गिलाव्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर ओढलं. दोन रेघा झाल्या आणि चवन्नीएवढा गिलावा हातात आला. तो खिशात घातला आणि पळालो. घरी जाऊन बघितलं, तर खिशात भुगा झाला होता."

कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं, आता काका मला चांगलंच फैलावर घेतील. कायद्याने तसा गुन्हाच आहे तो. अशा संरक्षित वास्तूचं नुकसान केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण काका रागावले नाहीत. त्यांनी वेगळंच सांगितलं.

"रॉबर्ट गिल नावाचा एक अधिकारी होता. १८४४ साली त्याला या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. वर्षानुवर्षं इथं राहून त्याने मोठमोठी चित्रं काढली, ती लंडनला पाठवली. १८६६ साली तिथं आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स साहेब आणि मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे विद्यार्थी आले. त्यांनी पुन्हा नकला केल्या. १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आग. त्यांतल्याही कितीतरी गेल्या. नक्कल जळाली तर दुसरी करता येते, गुरुजी, कारण अस्सल भिंतीवर होतं. भिंतीवरचं गेलं तर कशावरून काढणार?"

"चला, तुमचा कोपरा बघू," ते उठत म्हणाले.

त्या लेण्याचा नंबर मी तुम्हाला सांगणार नाही. कोणी शोधायला जाऊ नये म्हणून. कोपरा मात्र मला बरोबर आठवत होता. आता तिथं कठडा आहे, जवळ जाता येत नाही. काकांनी लांबूनच बॅटरी मारली. मी वाकून, मान तिरकी करून बघितलं. आणि मला माझं अक्षर सापडलं नाही.

का सापडलं नाही, माहीत आहे? पुसलं गेलं म्हणून नाही. तिथं इतकी नावं होती! कोणी बाण काढलेला, कोणी बदाम, कोणी नुसत्याच रेघा. कोणाची रेघ कोणती, काही कळत नव्हतं. प्रत्येकाला वाटलं असणार, माझ्या एकट्याच्या रेघेने काय होतंय! मलाही तसंच वाटलं होतं.

शेवटी काकांनी आम्हाला चोविसाव्या लेण्यात नेलं. हे अर्धवट राहिलेलं लेणं. पुरं झालं असतं, तर इथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. पाचव्या शतकाच्या शेवटी वाकाटक राजा हरिषेण वारला आणि त्यानंतर अशी कामं थांबली, असं अभ्यासक मानतात. तिथं बरंचसं काम अपुरंच. पण मला सांगायचं तर, सगळ्या दिवसात याच लेण्यात मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो.

कारण इथं काम कसं चालायचं ते उघड दिसतं. आधी वरचं छत कोरायचं, मग खाली खाली यायचं. म्हणजे उंचावर काम करायला परांची बांधायची गरज नाही. खांबांच्या जागी दगडाचे ओबडधोबड ठोकळे सोडायचे, त्यांतून पुढे खांब घडवायचे. काही खांब झालेत, काही तसेच ठोकळे. आणि दगडावर जिथं बघाल तिथं छिन्नीचे घाव. शेजारी शेजारी, एका मापाचे. दीड हजार वर्षांपूर्वी कोणी तरी हातोडा मारला, तो घाव अजून तसाच आहे. घाव घालणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही.

दुपार कलल्यावर वाघोराच्या काठाला झाडाखाली बसून आम्ही दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. काकांनाही आग्रहाने बसवलं. परतताना गाडीत एरवीसारखा गोंधळ नव्हता.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. आमच्या वर्गाची सहलही अजिंठ्यालाच जाणार होती. आता तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. दिवाळीआधी त्याने बाकावर कर्कटकाने नाव कोरलं होतं आणि मी त्याला सगळ्या वर्गासमोर फार बोललो होतो. आता त्याच वर्गासमोर मला माझी गोष्ट सांगायची होती. खोटं कशाला सांगू, खडू हातात घेऊन पाच मिनिटं मी उगाच फळा पुसत होतो.

मग सांगितली. सगळी. खिशातल्या भुग्यासकट.

वर्ग एकदम गप्प. मग मागून आवाज आला, "गुरुजी, तुम्हीपण?"

"मीपण."

मग आम्ही ठरवलं, की सहलीला जाताना कंपासपेटी घरी ठेवायची. प्रत्येकाने वही आणि पेन्सिल घ्यायची. जे आवडेल त्याचं चित्र वहीत काढायचं, हत्ती काढा, हंस काढा, नुसता खांब काढा, आणि त्याच्याखाली आपलं नाव लिहायचं. पाहिजे तेवढं मोठं लिहायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तो मुलगा वर्गात येऊन बसला होता. हातात काचपेपर. घाम येईपर्यंत बाक घासत होता. नाव जवळजवळ गेलं होतं. मला बघून थांबला आणि म्हणाला,

"गुरुजी, माझं निघालं. पण तुमचं कसं काढायचं?"

"ते निघत नाही रे," मी म्हणालो. "म्हणून तर सांगितलं तुम्हाला."