कुर्ल्यात गाडीचा मेकओव्हर!

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करूया. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडचा आणि आपण लोकलने गाठतो त्या सीएसटीचा काहीएक संबंध नाही. व्हीटी स्टेशनचं सीएसटी झालं १९९६ मध्ये, आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' येऊन सीएसएमटी. या रस्त्याच्या नावातली अक्षरं मात्र सेंट्रल साल्सेट ट्रामवेची! अंधेरी ते ट्रॉम्बे अशी सुमारे १३ किलोमीटरची ही रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली आणि सहा वर्षांत गुंडाळलीही गेली. रूळ गेले, नाव राहिलं. आता त्याच नावाच्या रस्त्यावर मुंबईतल्या गाड्या नट्टापट्टा करायला येतात.

बीकेसीच्या काचेच्या ऑफिसांपासून हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे, पण माहोल एकदम वेगळा. दुकानांच्या भिंतींवर अलॉय व्हील्स अशी टांगलेली, जशी आजीच्या मांडणीवर पितळेची ताटं. फुटपाथवर (जेवढा काही शिल्लक आहे त्यावर) बंपर एकात एक घालून रचलेले. हवेत रबर, थिनर आणि टपरीवरच्या चहाचा मिक्स वास. तुम्ही गाडीचा स्पीड जरा कमी केलात की दोन-तीन पोरं धावत येतात, "बोलो बॉस, क्या लगाना है?" आणि तुमचं उत्तर येईपर्यंत एकाच्या हातात स्पॉयलर असतो, दुसऱ्याच्या हातात मापाची टेप. 'विचार करून सांगतो' हे वाक्य इथे चालत नाही. म्हणून विचार घरून करून यायचा.

मी इथे आले ती मावसभावाची 'कन्सल्टंट' म्हणून. पठ्ठ्याने सेकंडहँड स्विफ्ट घेतलीय. २०१८ ची, व्हीएक्सआय, लालभडक. घर डोंबिवलीत, नोकरी ऐरोलीत, ईएमआय पाच वर्षांचा. पहिल्या बोनसचे ४० हजार त्याने गाडीच्या बॉडीवर खर्च करायचे ठरवलेत. २००१ चा 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आणि २००४ चा 'टारझन : द वंडर कार' (त्यातली गाडी म्हणजे दिलीप छाब्रियांनी रूप पालटलेली टोयोटा एमआर-टू) या दोन सिनेमांची पारायणं करत वाढलेला हा मुलगा. मोबाइलमध्ये त्याची लिस्ट तयार होती : फुल बॉडी किट, मोठा स्पॉयलर, १७ इंची अलॉय, समोर स्टीलचा क्रॅश गार्ड आणि वर मॅट ब्लॅक रॅप. "ताई, गाडी ओळखूच आली नाही पाहिजे!"

प्रॉब्लेम एवढाच की याच गाडीतून मावशीला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय. आणि याच गाडीतून गणपतीला चिपळूणच्या पुढे गावी जायचंय, जिथे शेवटचा तुकडा जांभ्या दगडांचा आणि चढाचा. एकच गाडी, आणि ती अख्ख्या घराची. हीरोगिरी करायची तर या सगळ्यांना सोबत घेऊन.

पहिल्या दुकानात बॉडी किट. पुढच्या बंपरखाली लिप, बाजूला साइड स्कर्ट, मागे डिफ्युझर. दिसायला झक्कास! किंमत ऐकली आणि आम्ही दोघांनी भुवया उंचावल्या, कारण अपेक्षेपेक्षा बरीच कमी. इथे एक प्रश्न विचारायचाच : माल कसला? स्वस्त किट बहुतेक वेळा फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात हाताने रेझिनमध्ये भिजवून बनवलेलं. ते कडक असतं. ठोकर बसली की वाकत नाही, तडकतं. प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो, मग फटी बुजवायला पुट्टी आणि वर रंग. एबीएस प्लॅस्टिकचं किट मशीनवरच्या साच्यातून येतं, फिटिंग जास्त सफाईदार, थोडं लवचीक, आणि अर्थातच महाग. फायबर ओळखायचं तर पार्ट उलटा करा. आतल्या बाजूला खरखरीत धागे दिसले की समजा. दुकानदाराला हे आवडलं नाही. तोपर्यंत तो फक्त भावाशीच बोलत होता, बंपर उलटा केल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मॅडम, आप लाइन में हो क्या?"

तरी मालापेक्षा उंची महत्त्वाची. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीच्या कागदावर १६३ मिलिमीटर. त्यात चार माणसं आणि डिकीत नारळ, तांदूळ, मखराचं सामान भरलं की तो आणखी कमी. किटचा लिप त्यातून आणखी ३-४ सेंटिमीटर खातो. नियमातला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ एकदम हळुवार. आपल्या सोसायट्यांच्या गेटवर आणि गावच्या तिठ्यावर असतात ते गतिरोधक कुठल्या नियमाने बांधतात हे तुम्हीच सांगा! तिथे सगळ्यात आधी लिपच घासणार. शिवाय हा रस्ता मिठी नदी ओलांडून जातो. २६ जुलै २००५ ला कुर्ला-कलिन्यात काय झालं होतं ते इथल्या जुन्या दुकानदारांना सांगावं लागत नाही. मुंबईत गाडी जमिनीला टेकवायची हौस पावसाळ्याला विचारूनच करावी. फुल किट कॅन्सल. भावाचा चेहरा पडला, पण स्पॉयलरवर तो अडून बसला.

स्पॉयलरची गोष्ट मस्त आहे. या सगळ्या फॅशनचं मूळ रेसिंगमध्ये. १९७२ मध्ये पोर्शेने ९११ कॅरेरा आरएसला बदकाच्या शेपटीसारखा मागचा उंचवटा दिला, तो वेगात मागची बाजू उचलली जाऊ नये म्हणून. १९७३ च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलचा पंखा तर जर्मनीत रस्त्यावर लावायला परवानगी नव्हती, म्हणून गाडी विकताना तो डिकीत ठेवून देत! म्हणजे आरटीओची भानगड फक्त आपल्याकडेच नाही.

पण त्या दोन्ही गाड्यांना इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर मिळते, आपल्या स्विफ्टला पुढच्या. मागे भलामोठा पंखा लावून आपण कुठली चाकं दाबणार? त्यात हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा तर जोर पाव. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी सात वाजता तो जोर शोधायला भिंग लागेल. त्यामुळे स्पॉयलर घ्यायचा तो दिसण्यासाठीच, आणि दिसण्यासाठी घ्यायचा तर तो गाडीच्या छताची रेष पुढे नेणारा घ्यावा. हॅचबॅकला छताच्या टोकावरचा छोटा स्पॉयलर शोभतो. डिकीवर दोन खांबांवर उभा राहिलेला पंखा पाहिला की मला तरी कपडे वाळत घालायचा स्टँड आठवतो.

भाऊ हसला. छोट्यावर तयार झाला.

चाकांच्या दुकानात मात्र पंचाईत, कारण १७ इंची अलॉय खरंच देखणे होते. काळे, आतून लाल रेघ. इथे थोडं गणित. व्हीएक्सआयला कंपनीचे टायर १६५/८० आर १४. म्हणजे रबराची रुंदी १६५ मिलिमीटर आणि रिम ते रस्ता यामधली रबराची भिंत तिच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. १७ इंची रिमवर दुकानदार सुचवत होता २०५/४५, तिथे ही भिंत उरते जेमतेम ९२. चाकाची एकूण उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच, म्हणजे रिम जितकी वाढली तितकं रबर गेलं. खड्ड्याचा दणका झेलायचं काम हेच रबर करतं. ते गेलं की दणका रिमला, रिमकडून सस्पेन्शनला आणि तिथून थेट मावशीच्या गुडघ्याला! मुंबई-गोवा हायवे ज्यांनी पावसाळ्यात केलाय त्यांना आणखी सांगायला नको.

यावर एक सोपा मार्ग आहे. आपल्याच मॉडेलच्या टॉप व्हेरिअंटला कंपनी काय देते ते पाहायचं. त्या स्विफ्टच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ येतात, भिंत १२० मिलिमीटर, आणि १५ इंची अलॉय. कंपनीने स्वतःच तपासलेलं माप, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर मडगार्डला घासत नाही आणि इन्शुरन्सवाल्यासमोर मान वर करून उभं राहता येतं. फक्त बोल्टच्या भोकांचं माप (स्विफ्टला चार भोकं, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) आणि ऑफसेट जुळतोय ना, हे रिमच्या मागे कोरलेलं असतं, ते स्वतः वाचायचं. "फिट हो जाएगा" यावर भरवसा नको.

खरी भांडाभांडी झाली क्रॅश गार्डवर. भावाचं म्हणणं साधं होतं : "ताई, आई पुढे बसते. समोर लोखंड असलं तर सेफ ना!" हेच तर अख्ख्या देशाला वाटतं, आणि हेच उलटं आहे. गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. तो चुरगळतो तेव्हा धक्क्याचा जोर तिथेच खर्च होतो, आणि एअरबॅग कधी उघडायची ते सेन्सर त्या धक्क्यावरून ठरवतो. मध्ये स्टीलचा पाइप आला की धक्का त्याच्या खांबांतून थेट चेसिसला, सेन्सरचा हिशेब चुकू शकतो, आणि पुढच्या सीटवरच्या बाईचं जे व्हायचं ते होतं. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा तर विचारच नको, त्याला बंपरचं प्लॅस्टिक लागायच्या ऐवजी लोखंड लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून या गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. तरी दुकानात तो चकाचक पॉलिश करून समोरच टांगलेला.

भाऊ काही बोलला नाही. दुकानाबाहेर जाऊन त्याने मावशीला फोन लावला, म्हणे जेवलीस का विचारायला. परत आला आणि लिस्टमधली ती ओळ खोडली.

राहिला रॅप. मॅट ब्लॅक विनाइल दिसतं भारीच, आणि नंतर सोलून काढता येतं, खालचा रंगही जपला जातो. पण आरसी बुकावर रंग लिहिलाय लाल. गाडीचा रंग बदलायचा तर आधी आरटीओत जाऊन नोंद करून घ्यावी लागते, मग तो रंग असो नाहीतर फिल्म. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही जबर केला : बेकायदा फेरफार केला तर दर बदलामागे ५ हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे भावाची मूळ लिस्ट घेऊन एखाद्या नाक्यावर हवालदारासमोर थांबलो असतो तर बोनसचा उरलेला भागही तिथेच संपला असता! काचांचंही तसंच. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार झालाच पाहिजे. त्यामुळे काळी कुळकुळीत फिल्म विसरा.

तोडगा दुकानातल्याच एका कारागिराने सुचवला. पूर्ण गाडी नको, फक्त आरशांची टोपणं आणि बी-पिलर ग्लॉसी काळे करा, लाल रंग उठून दिसेल. पोरगा असेल विशीतला. हीट गन हातात घेऊन तो आरशाच्या गोलाईवर फिल्म अशी ताणत होता की एकही सुरकुती नाही, एकही बुडबुडा नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, दोन आरशांना चाळीस मिनिटं. या रस्त्यावर पैसे खर्च करायचे तर अशा हातांवर करावेत असं मला वाटलं.

फॅन्सी नंबरप्लेटचं दुःख मात्र भावाला अजून आहे. देवनागरीत २१४ चा 'राम' आणि ४१४१ चा 'दादा' करायची आपली खास मराठी कला एचएसआरपीच्या ठोकळेबाज प्लेटने पार गिळून टाकली. खरं सांगू, मला ती थोडी मिस होते.

शेवटचं काम स्पॉयलरचं. फिटर ड्रिल मशीन घेऊन आला तशी मी आडवी गेले. पत्र्याला भोक पाडलं की मुंबईच्या दमट हवेत तिथून गंज सुरू होतो, आणि उद्या गाडी विकताना ते भोक लपत नाही. दुहेरी टेपवर लावा म्हटलं. तो कुरकुरला, पण त्याने डिकीचा वरचा भाग स्पिरिटने दोनदा पुसला, टेप ओढली, स्पॉयलर बसवला आणि दोन्ही हातांनी बराच वेळ दाबून धरला. घासाघीस करून पाच वाजेस्तोवर एकूण बिल ३४ हजारांत बसलं, त्यातला मोठा वाटा चाकांचा. उरलेल्या सहा हजारांत भाऊ मावशीसाठी पाठीला आधार देणारी सीटची उशी बघायला लागला. ती काही बॉडी मॉडिफिकेशनमध्ये मोडत नाही, पण मी गप्प बसले.

निघताना फिटर म्हणाला, "चौबीस घंटा पानी नहीं लगना चाहिए, नहीं तो टेप छोड़ देगा." भावाने मान डोलावली, मग दोघांनी एकदमच वर पाहिलं. कलिन्याच्या बाजूने आभाळ काळं होऊन येत होतं, मॅट ब्लॅक. आम्ही चहा अर्धा टाकला आणि छप्पर असलेलं पे अँड पार्क शोधायला पळालो.